दाराकडच्या बावीस जागा

प्रिय मैना,

प्रिय लिहिलं ते सवयीनं. खोडायला गेले तर कागद फाटेल, म्हणून राहू दे. माझं अक्षर तुला माहीतच आहे, कोंबडी चालून गेल्यासारखं. चौथीनंतर पेन्सिल हातात धरली ती फक्त बसच्या जागा आखायला. तेव्हा वाचताना नाक मुरडू नकोस. आणि हे भावजींसमोर मोठ्यानं वाचू नकोस. तुला सगळंच मोठ्यानं वाचायची खोड आहे, औषधाच्या बाटलीवरचा कागदसुद्धा. हे एकटीनं वाच, दार लावून.

परवा पोस्टमास्तर घरी आले होते. फुटबॉल क्लबचे अध्यक्ष झाल्यापासून ते कुणाच्या घरी जात नाहीत, त्यामुळे दारात बघूनच मी समजले. बसा म्हटलं तर खुर्चीच्या टोकावर टेकले, जसं काही मी आता त्यांच्यापुढे ताटच आणून ठेवणार होते. म्हणाले, पुढची बाहेरगावची मॅच पाच तासांच्या वाटेवर आहे, ग्राउंड अवघड आहे, तुमच्या जिवाला ताप नको. खाणं, पिणं, बसणं, सगळं यापुढे मैनाताई बघतील, रविवारच्या सभेत तसं जाहीर करू. तुम्ही ते थर्मास, डबे आणि तुमचे ते पुठ्ठे त्यांच्याकडे देऊन टाका. मी म्हटलं, देते. चहा टाकू का विचारलं तर घाईघाईनं उठले, म्हणाले, आत्ताच झाला. झाला कसला. एकोणीस वर्षं हा माणूस माझ्या थर्मासमधला पहिला कप हक्कानं मागून घेत होता, ‘फौजदार, आधी अध्यक्ष, मग जनता’ म्हणत. आता माझ्या घरच्या चहाला घाबरतो.

मी रडले नाही. माझा तो स्वभाव नाही. मी पुठ्ठे काढायला बसले.

तुला आठवतं ना आपली सुरुवात? पहिल्यांदा बाहेरगावी गेलो तेव्हा उघड्या ट्रकमधून गेलो होतो. तिथल्या ग्राउंडवरच्या टपरीवाल्यानं आपल्या शर्टांचा रंग बघून सांगितलं, पाव संपले. समोर पावांची चळत दिसत होती. तुझ्या पिशवीत अर्धा ब्रेड होता आणि माझ्याकडे दोन उकडलेली अंडी. आपण एकमेकींना ओळखतही नव्हतो. तू ब्रेड पुढे केलास आणि न थांबता वीस मिनिटं बोललीस, तुझ्या दाढेबद्दल, तुझ्या नणंदेबद्दल, रेफरीच्या पायांबद्दल. मी तेव्हाच तुझं नाव मैना ठेवलं. आणि परतीच्या वाटेवर मी सगळ्यांना उठवून-बसवून जागा नीट लावून दिल्या, तर तू म्हणालीस, ही बाई नाही, हा फौजदार आहे. तेच नाव राहिलं. माझं खरं नाव आता रेशनच्या कागदापुरतं उरलंय.

मग आपण दोघींनी ते काम अंगावर घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं. लोकांना वाटतं त्यात काय आहे, चव्वेचाळीस माणसं बसमध्ये कोंबायची आणि पाव वाटायचे. करून बघा म्हणावं. ज्याला गाडी लागते त्याला चाकावर बसवायचं नाही. ज्याला दर तासाला उतरावं लागतं तो दाराशी. गाणारे मागे, आणि त्यांच्या पुढे ज्याला ऐकू कमी येतं तो. ज्या दोघांचं कुंपणावरून भांडण आहे त्यांच्यात चार रांगा. बायको गेल्यापासून जो बोलत नाही, त्याच्या शेजारी अशी बाई जी उत्तराची वाट बघत नाही. नावं लिहीत बसायला मला ना वेळ ना हात, म्हणून मी पुठ्ठ्यावर चौकोन आखून खुणा काढायचे. शिंपीकाकांची कात्री. पोस्टमास्तरांचा शिक्का. भावजी कुलपं दुरुस्त करतात म्हणून त्यांची किल्ली. आमच्या ह्यांची थापी, गवंड्याला दुसरं काय शोभणार. तू हसायचीस, म्हणायचीस की पुठ्ठा बघितला की चोरबाजारात आल्यासारखं वाटतं.

पिण्याचा हिशेब तर खाण्याहून कठीण. तीन थर्मास, त्यातल्या बिनसाखरेच्याला लाल दोरा. लिंबूपाणी मध्यंतरापर्यंत कुणाला मिळायचं नाही, कोण कितीही तडफडला तरी. कारण पाहुण्यांना देतात ती जागा गोलमागच्या कोपऱ्यात, पायऱ्यांवर, आणि मुतारी पार पलीकडच्या टोकाला, त्यांच्या लोकांमधून जायचं. एकदा आमचे हे तिथून परत आले तेव्हा कोटाला बटण नव्हतं आणि पाठीवर कुणीतरी डिंकानं कागद चिकटवला होता. बस थांबली की तू सगळ्यांच्या आधी उतरून पायऱ्या बघून ठेवायचीस, कुठली ओली, कुठली खांबामागची. खांबामागची जागा आपण दोघी घ्यायचो. आपल्याला अर्धा गोल दिसायचा. अर्ध्या गोलावर आपण खूश होतो गं.

आणि वाढायची पद्धत. बसची वाट अरुंद, दोघी एकमेकींवर आदळायला नकोत, म्हणून दाराकडच्या बावीस जागा तुझ्या, ड्रायव्हरकडच्या बावीस माझ्या. पावात भरायचं अंड्या-बटाट्याचं सारण तू तुझ्या घरी करायचीस तुझ्या बावीसांपुरतं, मी माझ्या घरी माझ्यांपुरतं. लोकांना ते कळलंही नाही कधी. त्यांच्या लेखी सगळाच फौजदाराचा डबा. सारणाचा नियम मीच घातलेला आणि तूच तो मला वाचून दाखवायचीस एखाद्या कायद्यासारखा: निघायच्या दिवशी सकाळीच करायचं, आदल्या दिवशी नाही. आणि पूर्ण गार झाल्याशिवाय झाकण लावायचं नाही. एवढं साधं. आणखी एक पद्धत आपली होती, ती नीट आठव. परतीला बाजू बदलायची. दाराच्या फटीतून वारं येतं, मग जाताना जो दाराकडे बसला तो येताना ड्रायव्हरकडे. सगळ्यांना सारखं. हेही मीच सुरू केलं होतं. आणि त्याच नियमानं माझा घात केला. नियमानं कसला, तू.

त्या दिवशी सकाळी मी शिंपीकाकांची जागा बदलली. ते नेहमी माझ्या बाजूला असायचे. पण गुडघा आखडला म्हणाले, तर मी त्यांना दाराकडच्या पहिल्या रांगेत दिलं, तिथे पाय लांब करता येतो. मी स्वतः हाताला धरून बसवलं. म्हातारा खूश. म्हणाला, फौजदार, आज मी पहिल्या वर्गात.

दुपारी बारा वाजता बस झाडाखाली थांबवली आणि आपण वाढायला उठलो. तुझ्या तोंडाला कुलूप होतं. मी विचारलं, आज मैना मुकी का, तर म्हणालीस पोटात ढवळतंय, मी काही खाणार नाही. मी म्हटलं, नको खाऊस, बाकी सगळं मीच संपवते. मग अर्ध्या वाटेवरून तू माझ्याकडे आलीस. हातात एक रिकामी ताटली. म्हणालीस, ‘यांना आज तुझ्याच हातचं हवंय म्हणतायत. माझ्या हातचं रोजच खातात ना.’

मैना, मी फुगले. खरं सांगते. माझं कौतुक कुणी करत नाही, मी कुणाला करू देत नाही. मी दोन पाव जास्त भरले, वर अंड्याचा मोठा तुकडा ठेवला आणि मागच्या रांगेकडे बघून ओरडलेही, ‘भावजी, बायकोला असं दुखवू नये हो!’ सगळे हसले. भावजींना काही समजलं नाही, ते नुसते मान हलवत राहिले. त्यांनी मागितलंच नव्हतं, खरं ना?

मॅच आपण जिंकलो. हे कुणाला आठवत असेल तर शपथ. तीन वर्षांनी बाहेरगावी जिंकलो, एक-शून्य, तो गोल खांबाच्या नेमक्या त्याच अर्ध्यात झाला जो आपल्याला दिसत नव्हता, आणि आपण लोकांच्या तोंडाकडे बघून ओरडलो. मध्यंतरानंतर पहिला माणूस पोट धरून उठला. परत निघालो तेव्हा सहा जण झाले होते. पुढचं मला सांगायचं नाही, तू होतीस. बस पाच वेळा थांबली. माणसं रस्त्याच्या कडेला ओणवी. शिंपीकाका उतरायला गेले आणि पायरीवरच कोसळले. एकवीस जण, मैना. त्यातले वीस तीन-चार दिवसांत उठले. शिंपीकाका आठ दिवस हॉस्पिटलात होते, त्यातले दोन दिवस डॉक्टरांनी मुलीला बोलावून घ्या म्हणून सांगितलं होतं.

त्या गोंधळात मी तुझा दंड धरून विचारलं होतं, ‘कुठल्या बाजूचे गं? तुझ्या की माझ्या?’ मला तेव्हा काही सुधरत नव्हतं. समोर ओकणारी माणसं ड्रायव्हरकडे बसलेली दिसत होती. तू माझ्या डोळ्यांत बघितलंस. बघितलंस, मैना. आणि म्हणालीस, ‘तुझ्या बाजूचेच गं सगळे.’

मी मानलं. का मानणार नाही? डोळ्यांना तेच दिसत होतं आणि सांगणारी तू होतीस. शिवाय माझ्या मनात आधीच किडा होता, तोही तुलाच माहीत होता. थंडीत मला तो ताप आला, बारा दिवस अंथरुणात होते, तेव्हापासून मला वास कमी येतो. मी हे ह्यांनाही सांगितलं नव्हतं. तू रोज सूप घेऊन यायचीस, एकदा मी म्हटलं, ह्यात काय घातलंयस, मला कसलाच वास लागत नाही, आणि मग घाबरून तुला शपथ घातली की कुणाला बोलू नकोस, माझ्या हातून डबा काढून घेतील. तू माझ्या कपाळावर हात ठेवून म्हणालीस, माझ्या पोटात राहील.

राहिलं बरोबर दोन महिने. सभेत पोस्टमास्तरांनी विचारलं, जेवण कुणाच्या देखरेखीखाली झालं, तर मी उठले आणि म्हटलं, माझ्या. चूक माझी आहे. कुणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं, मला ओरडणाऱ्या माणसांशी बोलता येतं. तू माझा हात घट्ट धरून बसली होतीस. मला वाटलं, सगळं जग फिरलं तरी ही आहे. आणि मग तू उठलीस आणि मायेनं, इतक्या मायेनं म्हणालीस, ‘तिला बोल लावू नका हो. थंडीपासून तिला वास येत नाही बिचारीला. तिला कसं कळणार?’ सगळ्यांनी माझ्याकडे असं बघितलं जसं एखाद्या आंधळ्या ड्रायव्हरकडे बघावं. तरीही मी तुझ्यावर रागावले नाही. घरी येऊन ह्यांना म्हटलं, मैनानं मला वाचवलं. केसानं गळा कापतात म्हणतात ना, तसं. कापणाऱ्याचा हात इतका मऊ असतो की मान आपण होऊन पुढे करतो.

त्यानंतरचे सहा आठवडे कसे गेले ते तुला माहीत नाही, कारण तू आली नाहीस. मी दूध ह्यांच्या नाकाशी धरते आणि विचारते, बरं आहे का? भाजी शिजली की पहिला घास मी खाते आणि तासभर थांबते, मगच ह्यांना वाढते. हे बिचारे काही बोलत नाहीत, भिंत बांधणारा माणूस, बोलणं म्हणजे त्याला विटा वाया घालवल्यासारखं वाटतं. एकदा फक्त म्हणाले, आपण थंड जेवायला लागलो.

शिंपीकाकांकडे मी तीनदा गेले. दुकान बंद आहे, वरच्या खोलीत असतात. पाठीचा कणा शर्टातून मोजता येतो. ते शिजवलेलं काही खातच नाहीत. शेजारचे देतात ते दारातूनच परत. स्वतः केलेला कोरा चहा आणि दुकानातली बंद पुड्यातली बिस्किटं, बस. मी पाया पडून माफी मागितली तर मलाच उठवून बसवलं. म्हणाले, ‘तुझ्यावर राग नाही पोरी. पण घास तोंडात घेतला की गळा आवळतो. नेमकं कशानं झालं ते कळलं असतं ना, तर त्या एका गोष्टीला भ्यायलो असतो. आता सगळ्यालाच भितो.’ मग म्हणाले, ‘मैना येते हो दर दोन दिवसांनी. जीव लावते. बिस्किटाचा पुडा आणते, न फोडलेला.’ मी तेव्हा मनात तुला दुवा दिला. आता मला तो न फोडलेला पुडा डोळ्यांसमोरून हलत नाही. घरचं काही न्यायची तुझी छाती झाली नाही.

तर परवा, पोस्टमास्तर गेल्यावर, मी पुठ्ठे काढले. तुला द्यायचे म्हणून तारखेनं लावत होते. त्या दिवशीचा सगळ्यात वर. बघवेना, पण हात थांबला, कारण कात्री दाराकडे होती. मी म्हटलं, असं कसं, काका आजारी पडले म्हणजे माझ्या बाजूचे. मग आठवलं, गुडघा. मीच बदललं होतं. मग मी पेन्सिल घेतली आणि जो जो आजारी पडला त्याच्या खुणेवर फुली मारत गेले. छत्री, फुली. ढोलकं, फुली. चष्मा, विणकामाच्या सुया, ते भांडणारे दोघेही, फुली, फुली. ड्रायव्हरकडची बाजू कोरी राहिली. तिकडे एकही फुली नाही, मैना. एकही नाही. पुठ्ठा जातानाच्या जागांचा असतो. आपण जेवलो जाताना. आजारी पडले परतीला, बाजू बदलल्यावर. ही माझी स्वतःची पद्धत, एकोणीस वर्षांची, आणि मी ती एका वाक्यासरशी विसरले, कारण ते वाक्य तुझं होतं.

दाराकडच्या बावीस चौकोनांत एकवीस फुल्या. बाविसावी किल्ली.

म्हटलं, भावजी दणकट आहेत, पचलं असेल. मन कसं पळवाटा काढतं बघ, तुझ्यासाठी. मग ती रिकामी ताटली आठवली. यांना तुझ्याच हातचं हवंय. मी उठले ते सरळ तुझ्या घरी. तू नव्हतीस, बरं झालं नव्हतीस. तुझ्या सासूबाई होत्या. त्यांना कुणी बोलायला मिळालं की झालं, मैनेची सासू शोभतात. मी काही विचारलंसुद्धा नाही. त्याच म्हणाल्या की हल्ली सून गप्प असते, त्या मॅचपासून. एवढी दगदग करून घेते, तुम्हाला मदत व्हावी म्हणून शुक्रवारी दुपारीच अंडी-बटाटे उकडून सारण करून ठेवलं, कारण संध्याकाळी भाचीच्या वाढदिवसाला जायचं होतं. गरम पातेल्यावर तसंच झाकण दाबलं आणि फ्रिजमध्ये केक होता म्हणून पातेलं सकाळपर्यंत शेगडीशेजारी ओट्यावर. ‘सकाळी मीच म्हटलं हो तिला, जरा आंबूस वाटतंय. तर म्हणाली, लिंबू पिळते.’ त्या चहा ठेवायला उठल्या. मी म्हटलं, नको, आत्ताच झाला. आणि बाहेर आल्यावर लक्षात आलं की मी पोस्टमास्तरांचं वाक्य बोलले.

शिळं सारण झालं, हे मी समजू शकते. भाचीचा वाढदिवस, फ्रिजमध्ये जागा नाही, होतं. माणसाचा हात चुकतो. तू बसमध्ये माझ्या कानात म्हणाली असतीस, फौजदार, माझं बिघडलंय, तर मी तुला चार शिव्या दिल्या असत्या, पातेलं शेतात उलटं केलं असतं, आणि माझं बावीस जणांचं सारण चव्वेचाळीसांना पुरवलं असतं. पाव सुके लागले असते. लोकांनी कुरकुर केली असती. मी म्हटलं असतं, मॅच बघायला आलात की लग्नाला? संपलं असतं. अर्ध्या पावाची गोष्ट होती, मैना. आपली ओळखच अर्ध्या ब्रेडवर झाली होती.

पण तुला वास आला होता. तू स्वतः खाल्लं नाहीस. आपल्या माणसाला उचलून माझ्या डब्यावर आणलंस, म्हणजे तुला माझ्या डब्याची खात्री होती, माझ्या नाकाची नसली तरी. आणि त्याच हातानं पुढे जाऊन तू कात्रीला वाढलंस. शिंपीकाकांना. ज्यांनी तुझ्या गरोदरपणात तुझे सगळे झगे सैल करून दिले, त्यांना. तू त्यांना आग्रह केलास, आणखी एक घ्या म्हणालीस. मी ऐकलं होतं. तेव्हा मला बरं वाटलं होतं की म्हाताऱ्याचं कुणी बघतंय.

हे सगळं कळल्यावर दोन दिवस मी काय काय ठरवलं ते विचारू नकोस. तुझ्या दारात उभं राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलायचं ठरवलं. पुठ्ठा क्लबच्या फळ्यावर खिळ्यानं ठोकायचं ठरवलं. आमच्या ह्यांना सांगितलं, तर ह्यांनी हातातली थापी खाली ठेवली, जे ते जेवतानाच करतात, आणि म्हणाले, खाई त्याला खवखवे. मग थोड्या वेळानं म्हणाले, ‘पण आधी म्हाताऱ्याचं बघ.’ एका दिवसात दोन वाक्यं. म्हणून मी हे लिहायला बसले. बोलले असते तर ओरडले असते, आणि मी ओरडले की तू रडतेस, आणि तू रडलीस की लोक तुझ्या बाजूचे होतात.

काल मी काकांकडे चौथ्यांदा गेले. सांगायलाच गेले होते. त्यांनी दार उघडलं, जिना चढून आल्यासारखे धापा टाकत होते, आणि खोलीतल्या खोलीत चालले होते फक्त. मी पुठ्ठा पिशवीतच ठेवला. माझ्या तोंडून ऐकलं तर त्यांना काय वाटेल? फौजदार आपल्यावरचं दुसऱ्यावर ढकलतेय. जे घरी येतं, जीव लावतं, तेही खोटं, एवढंच त्यांच्या पदरात पडेल, आणि मग बिस्किटंही जायची नाहीत. त्यांना कुणावर राग धरायचा नाहीये. त्यांना एवढंच ऐकायचंय की अमुक दिवशी अमुक पातेलं असं असं राहिलं, त्यात असं झालं, आणि बाकी जगातलं अन्न ठीक आहे. हे ज्याच्या हातून झालं त्यानंच सांगितलं तर पटतं. म्हणून गुरुवारी सकाळी दहा वाजता मी त्यांच्या जिन्याखाली उभी राहीन. डब्यात गरम भात आणि उकडलेला बटाटा असेल, त्यांच्यासमोर झाकण उघडीन. तू यायचंस आणि सांगायचंस, शुक्रवार दुपारपासून सगळं, लिंबासकट. मी एक शब्द बोलणार नाही, तू ज्याला फौजदार म्हणतेस तो खाली जिन्यातच ठेवून येईन. आली नाहीस तर रविवारी सभेत पुठ्ठा घेऊन मी उभी राहणार आहे, कारण पुढच्या महिन्यात चव्वेचाळीस माणसं तुझ्या हातचं खाणार आहेत आणि त्यांना ते माहीत असायला हवं. पण मला ते नको आहे. माझं नाव मला हवंय, खूप हवंय, खोटं कशाला बोलू. तरी ते रविवारपर्यंत थांबेल. त्या माणसाला थांबायला जमणार नाही. आणि आलीस तर आपलं पुन्हा पहिल्यासारखं होईल असं समजू नकोस. तसं काही होणार नाही. आलीस तर फक्त एवढंच होईल, की तो म्हातारा जेवेल.

तुझी म्हणवत नाही, दुसऱ्या कुणाची झालेही नाही,
फौजदार